आपत्काळासाठी घरची बेगमी : अफझलगंज आणि परिसरातील कुटुंबांसाठी

पाऊस, पूर, संचारबंदी, वाहतूक ठप्प होणे किंवा घरातले आजारपण यांपैकी कोणत्याही कारणाने काही दिवस बाजारात जाता आले नाही, तर घरात काय असावे, किती असावे आणि ते कसे टिकवावे, याची माहिती या लेखात एकत्र केली आहे. हिशेब चार माणसांच्या कुटुंबाचा आहे. आपल्या घरातील माणसांप्रमाणे तो कमीजास्त करून घ्यावा. शेवटी वर्षभराचे वेळापत्रक दिले आहे.

बेगमी हा आपला जुनाच शब्द

हैदराबादेतील अनेक मराठी कुटुंबांची मुळे मराठवाड्यात आहेत. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. त्या भागातील घरांमध्ये धान्यासाठी जमिनीत पेव असे, भिंतीत बळद असे, ओसरीत कणगी असे आणि माजघरात मडक्यांची उतरंड असे. चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य उन्हे दाखवून भरायचे, कुरडया-पापड-सांडगे घालायचे, तिखट-मसाले कुटून ठेवायचे आणि मृग लागण्याआधी घर बंदिस्त करायचे, याला ‘पावसाळ्याची बेगमी’ म्हणत. पावसाळ्यात नदी-नाले भरले की बाजाराचा रस्ताच बंद होई, म्हणून ती सोय होती. दुष्काळाची धास्ती तर कायमचीच. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी सुलतानाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केल्याची कथा आजही घराघरांत सांगितली जाते. त्या कथेतही कोठार आधी भरलेले होते, म्हणूनच ते उघडता आले.

शहरात आल्यावर ही सवय सुटली. कोपऱ्यावर किराणा, घरपोच सामान आणि रोज ताजे दूध मिळू लागल्यावर साठवणीची गरज वाटेनाशी झाली. आज अनेक घरांत चार-पाच दिवसांपुरतेच सामान असते. वर्षाचे धान्य भरण्याएवढी जागा फ्लॅटमध्ये नसते, आणि तशी आवश्यकताही नाही. पण दोन आठवड्यांची बेगमी कोणत्याही घरात मावते.

अफझलगंजला हे का लागू पडते

अफझलगंज हे नावच धान्याच्या बाजाराचे आहे. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांनी ही जागा धान्याच्या व्यापाऱ्यांना व्यापारासाठी दिली आणि त्यांच्या नावावरून ‘गंज’ वसले. आजही बेगम बाजार, उस्मानगंज आणि महाराजगंज हे घाऊक बाजार येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एवढे धान्य शेजारी असताना साठवण कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण याच भागाने शहरातली सर्वांत मोठी आपत्ती पाहिली आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. अफझल पूल, मुसल्लमजंग पूल आणि चादरघाट पूल यांची मोडतोड झाली आणि नदीच्या दोन्ही तीरांना जोडणारा पुराना पूल तेवढा उरला. नदीकाठचे तेव्हाचे अफझलगंज रुग्णालय पुरात गेले. मृतांचा आकडा सुमारे १५,००० सांगितला जातो, आणि हजारो घरे जमीनदोस्त झाली. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे १५० माणसे वाचली. ते झाड अजूनही उभे आहे. वाचलेल्यांपुढे दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहिला तो अन्नाचा. घरांबरोबर धान्यही गेले होते, पूल नव्हते आणि बाजार चिखलात होता. निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारला शहरात अन्नछत्रे उघडावी लागली.

या पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसा नदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. तेव्हापासून १९०८ सारखा पूर पुन्हा आलेला नाही, पण पाण्याने वेढा पडणे थांबलेले नाही. २४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेठ येथे एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला. १३ ऑक्टोबर २०२० च्या पावसाने शहरातील अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या, काही ठिकाणी पाणी कित्येक दिवस उतरले नाही, आणि त्याच आठवड्यात पुन्हा जोरदार पाऊस झाला. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, ऐन नवरात्रात, जलाशयांतून सोडलेल्या पाण्यामुळे मुसी फुगली आणि अफझलगंजला लागूनच असलेल्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले. मुसी चढल्यावर चादरघाटचा खालचा पूल आणि मुसारामबागचा पूल बंद करावा लागल्याचा अनुभव तर वारंवार आला आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने वेगळा धडा दिला. किराणा दुकाने बंद नव्हती, धान्याचा तुटवडाही नव्हता. तरीही पहिल्या काही दिवसांत दुकानांपुढे गर्दी झाली. एकटे राहणारे वृद्ध, खोली करून राहणारे विद्यार्थी आणि रोजंदारीवर पोट असणारे यांची सर्वांत जास्त ओढाताण झाली. ज्या घरात दोन आठवड्यांचे सामान होते, त्या घरातील माणसाला त्या गर्दीत उभे राहावे लागले नाही, आणि त्याच्या वाट्याची जागा दुसऱ्या गरजवंताला मिळाली. बेगमीचा हा दुसरा फायदा फारसा बोलला जात नाही.

साठवण आणि साठेबाजी यांतील फरक

संकट आल्यावर धावत जाऊन पाच-पाच किलो जादा उचलणे ही साठेबाजी. त्याने भाव चढतात आणि मागून येणाऱ्याला काही उरत नाही. संकट नसताना, दर महिन्याच्या यादीत थोडी भर घालत, घरात नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंचा साठा वाढवणे ही बेगमी. म्हणून पहिला नियम असा की सर्व सामान एकदम आणू नये. महिन्याच्या किराण्यात दर वेळी तीन-चार वस्तू जास्त घेतल्या, तर तीन महिन्यांत दोन आठवड्यांची बेगमी पूर्ण होते आणि खिशावरही भार येत नाही.

दुसरा नियम : घरात जे खाल्ले जात नाही ते साठवू नये. आणीबाणीसाठी म्हणून आणलेली अनोळखी पाकिटे वर्षभर पडून राहतात आणि शेवटी फेकली जातात.

किती लागते : हिशेब

आपल्या शहरातच तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. प्रौढ माणसाच्या सुमारे २,००० कॅलरींच्या दिवसासाठी संस्थेने सुचवलेल्या आहारात साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३० ग्रॅमच्या आसपास दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप येते. त्यावरून चार माणसांचा चौदा दिवसांचा हिशेब असा होतो :

• तांदूळ : ६ किलो
• गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ : ४ किलो
• पोहे : २ किलो
• रवा : १ किलो
• चुरमुरे, राजगिऱ्याच्या लाह्या किंवा लाडू : १ किलो
• तूर डाळ : २ किलो
• मूग डाळ : दीड किलो
• मसूर किंवा मटकी : अर्धा किलो
• फुटाणे आणि डाळं : १ किलो
• शेंगदाणे आणि तीळ : दीड किलो
• तेल : दीड लिटर, तूप : पाव किलो
• गूळ आणि साखर : दीड किलो
• दूध पावडर : १ किलो (साधारण ८ ते १० लिटर दूध होते)
• मीठ : १ किलो
• कांदे ३ किलो, बटाटे ३ किलो, लसूण, आले, चिंच
• हळद, तिखट, जिरे, मोहरी, हिंग, गोडा मसाला, चहा पूड

या यादीतून माणशी रोज सुमारे १,८०० कॅलरी मिळतात. घरात बसून काढायच्या दिवसांना, लहान-मोठी आणि वृद्ध माणसे मिळून, एवढे पुरेसे आहे. अंगमेहनत करणारी किंवा वाढत्या वयाची मुले घरात असतील तर धान्य आणि दाणे थोडे वाढवावेत. सगळे मिळून तीसेक किलो वजन होते. स्वयंपाकघरातील दोन फळ्यांवर ते बसते.

चवीसाठी लोणचे, शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी, मेतकूट आणि हैदराबादेत आपल्या घरांत रुळलेली कंदी पोडी ठेवावी. सतत तेच खावे लागले की लहान मुले आणि वृद्ध माणसे जेवण टाळू लागतात. चमचाभर लोणच्याने किंवा पोडीने तेच अन्न पोटात जाते. पापड-कुरडया मात्र हिशेबात धरू नयेत. त्यांना तळायला तेल लागते आणि पोट त्याने भरत नाही.

तीन पायऱ्यांची विभागणी

सगळे सामान शिजवावे लागणारे असेल तर वीज, गॅस आणि पाणी यांपैकी एक जरी गेले तरी साठा असून उपाशी राहण्याची वेळ येते. म्हणून साठ्याची विभागणी तीन पायऱ्यांत करावी.

पहिली पायरी, नुसते तोंडात टाकण्याजोगे : फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिवडा, भडंग, खाकरा, बिस्किटे. घरातील सर्वांना दोन दिवस पुरतील एवढे हे पदार्थ वेगळ्या डब्यात असावेत. हा डबा एरवी उघडू नये.

दुसरी पायरी, फक्त पाण्यात भिजवून होणारे : पातळ पोहे तेल-तिखट-मीठ लावून, जाडे पोहे भिजवून, सातूचे पीठ गूळ-पाण्यात कालवून, दूध पावडरीत चुरमुरे किंवा लाह्या. भिजवलेली मटकी किंवा मूग दुसऱ्या दिवशी मोड येऊन तशीच खाता येते, मात्र त्यासाठी पाणी शुद्ध हवे. पूर आलेला असताना लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना कच्चे मोड देऊ नयेत.

तिसरी पायरी, शिजवण्याचे : मऊ खिचडी, वरण-भात, पिठले-भाकरी, उपमा, आमटी. यांत एका भांड्यात होणाऱ्या पदार्थांना पसंती द्यावी. आपल्या शहराची खिचडी-खट्टा ही जोडी तर अशा दिवसांसाठीच आहे : मसुराची खिचडी, आणि चिंच, तीळ, कांदा यांचे न शिजवता होणारे खट्टे. हे सगळे सामान टिकाऊ आहे.

पाणी

अन्नाइतकेच, किंबहुना आधी, पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज ४ लिटर धरावे. चार माणसांना तीन दिवसांचे ४८ लिटर होते, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन आणि एक भरलेली कळशी. सांडण्या-लवंडण्यासाठीचे पाणी यापेक्षा वेगळे. पावसाचा इशारा आला की बादल्या, पिंपे आणि मोठी पातेली भरून झाकून ठेवावीत. वीज गेली की पंप बंद पडतो आणि गच्चीवरची टाकी एका दिवसात रिकामी होते, हे अपार्टमेंटमधील प्रत्येकाला माहीत आहे.

आपल्या भागातील बहुतेक इमारतींना जमिनीखाली संप असतो. रस्त्यावर पाणी चढले की गटाराचे पाणी संपात उतरण्याची शक्यता असते, आणि वरून ते दिसत नाही. संपाच्या तोंडापर्यंत पाणी आले असेल तर तो उपसून, घासून, क्लोरीनने धुऊन घेईपर्यंत त्यातील पाणी पिण्यास किंवा भांडी धुण्यास वापरू नये. पाणी खळखळून उकळल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळत ठेवावे, आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. गढूळ असेल तर आधी स्वच्छ सुती कापडाच्या घडीतून गाळावे. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील प्रमाणात वापराव्यात. घरातले पाणी शुद्ध करणारे यंत्र विजेवर चालते, याचे भान ठेवावे.

पुरानंतर जुलाब-उलट्यांचा त्रास वाढतो. ओआरएसची दहा-बारा पाकिटे घरात असावीत. ती नसतील तर एक लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घालून द्रावण करावे. मीठ यापेक्षा जास्त घालू नये. पाणी टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल सुस्त पडले असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

इंधन आणि वीज

घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. ज्यांच्याकडे दोन सिलिंडर आहेत, त्यांनी एक संपताच त्याच दिवशी नोंदणी करावी. दुसरा संपत येईपर्यंत थांबू नये. एकच सिलिंडर असलेल्या छोट्या कुटुंबाला किंवा खोली करून राहणाऱ्यांना पाच किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा पडतो. इंडक्शन शेगडी ही चांगली जोड आहे, पण वीज गेली तर ती निरुपयोगी.

इंधन वाचवण्याच्या जुन्या युक्त्या येथे कामी येतात. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवावेत. कुकरमध्ये एकावर एक भांडी लावावीत. खिचडीला उकळी आणून पाच-सात मिनिटे शिजवल्यावर घट्ट झाकणाचे पातेले जाड रजईत गुंडाळून तास-दीड तास ठेवले, तर ती आपल्या उष्णतेने शिजून येते.

घरात पाणी शिरू लागल्यास आधी मुख्य स्विच आणि रेग्युलेटर बंद करावा. सिलिंडर उंचावर, उभाच ठेवावा. पाण्यात राहिलेली शेगडी आणि नळी तपासून घेतल्याशिवाय पेटवू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी लावून झोपू नये. तिच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

वीज गेल्यावर फ्रिज न उघडता ठेवला तर आतले अन्न सुमारे चार तास थंड राहते. भरलेला फ्रीझर बंद ठेवल्यास साधारण दोन दिवस टिकतो. म्हणून वीज गेली की आधी फ्रिजमधील दूध, शिजवलेले अन्न आणि भाज्या संपवाव्यात, मग साठ्याला हात लावावा.

टिकवणे

हैदराबादची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, पण जून ते ऑक्टोबर ओलसर. किडीला ओलावा लागतो. धान्य दाताखाली कट्‌कन तुटले तर ते वाळलेले, दबले तर ओलसर, ही जुनी परीक्षा अजूनही उपयोगी आहे. कोणत्या वस्तू किती काळ ठेवाव्यात, याचा घरगुती अंदाज असा :

• पांढरा तांदूळ, गहू, ज्वारी, सुक्या डाळी : नीट वाळवून हवाबंद ठेवल्यास वर्षभर
• गव्हाचे पीठ : एक ते दीड महिना, पावसाळ्यात त्याहून कमी
• ज्वारी-बाजरीचे पीठ : बाजरीचे आठ-दहा दिवसांत कडू होते, ज्वारीचे दोन-तीन आठवडे
• रवा : कोरडा भाजून ठेवल्यास दोन-तीन महिने
• पोहे : तीन महिने
• शेंगदाणे : दोन-तीन महिने, पुढे खवट होतात
• तेल, दूध पावडर, बिस्किटे : पाकिटावरील तारखेप्रमाणे, फोडल्यावर लवकर संपवावे
• गूळ : पावसाळ्यात पाझरतो, काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवावा

सोंडे आणि पोरकिडे यांच्यापासून बचावासाठी उन्हे दाखवणे हाच पहिला उपाय आहे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर दोन दिवस पातळ पसरून धान्य वाळवावे आणि पूर्ण गार झाल्यावरच भरावे. गरम धान्य भरले तर डब्यात वाफ धरते. गहू आणि तूर डाळीला एरंडेल तेलाचा हात पुसटसा चोळण्याची पद्धत आपल्या घरांत होती, ती चांगली आहे. वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवावा. रवा-मैदा आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढला, तर त्यातील अंडी-अळ्या मरतात.

बोरिक पावडर खाण्याच्या धान्याला लावू नये. गोदामात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. ओलाव्याशी संबंध आला की त्यांतून अत्यंत विषारी वायू सुटतो आणि बंद घरात झोपलेली माणसे दगावू शकतात. घाऊक बाजारातून पोते घेताना त्यात अशी गोळी किंवा तिची पुडी तर नाही ना, हे मोकळ्या जागेत पाहून घ्यावे.

उपवासाच्या सामानाबाबत एक सूचना. साबुदाणा चांगला टिकतो. भगर मात्र ओलावा धरते आणि तिच्यावर बुरशी येऊ शकते. नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. भगर साठवायची तर अखंड, थोडी आणि बंद पाकिटात ठेवावी. पीठ साठवू नये.

डब्यावर भरल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी. नवा डबा मागे, जुना पुढे. जे आधी आले ते आधी वापरावे आणि वापरले तेवढे पुढच्या किराण्यात भरून काढावे. बेगमी म्हणजे कुलुपात ठेवलेला साठा नव्हे. ती सतत वापरात राहिली तरच ताजी राहते.

कोठे ठेवावे

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जमिनीवर पोती-डबे ठेवू नयेत. माळा किंवा छातीच्या उंचीवरची फळी वापरावी. अफझलगंज, गौलीगुडा, कोठी या भागांतील जुन्या घरांत भिंतींना ओल येते, म्हणून फळी भिंतीपासून चार बोटे दूर असावी. शक्य असल्यास वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी बोलून पहिल्या पायरीचा डबा आणि पाण्याचा एक कॅन त्यांच्याकडे ठेवावा. घर सोडावे लागल्यास उचलता येईल अशी एक पिशवी दाराजवळ असावी : एका दिवसाचे कोरडे खाणे, पाण्याच्या बाटल्या, औषधे, ओआरएस, विजेरी, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आणि कागदपत्रांच्या प्रती.

पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेले अन्न ठेवू नये, मग ते कितीही महाग असो. पोत्यातील धान्य, कागदी किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटातील वस्तू, फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांतील लोणची हे सर्व टाकून द्यावे. वाळवून, धुऊन ते सुरक्षित होत नाही. न पोचलेले, न फुगलेले, सीलबंद पत्र्याचे डबे साबणाने धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वापरता येतात.

लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे

अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणे थांबवू नये. अशा दिवसांत बाळासाठी त्याहून सुरक्षित काही नाही. तिच्या वाट्याला खाणे आणि पाणी जास्त यायला हवे. बाळ वरच्या दुधावर असेल तर पावडर, उकळलेले पाणी आणि वाटी-चमचा यांची वेगळी तयारी लागते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणे सोपे. सहा महिन्यांपुढील बाळासाठी मूग-तांदळाची भरड आणि नाचणीचे सत्त्व ठेवावे.

रोजची औषधे नेहमी पंधरा दिवस पुढची असावीत. मधुमेहींच्या साठ्यात डाळी, फुटाणे, दाणे आणि ज्वारी यांचे प्रमाण वाढवावे. साखर एकदम उतरली तर लागणारी साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी मात्र जवळ असू द्यावी. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण महिनाभर टिकते, तरीही पाकिटावरील सूचना वाचावी. वीज नसेल तर ती प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना लोणचे, पापड, चिवडा यांतील मीठ बाधते. त्यांच्यासाठी साधे पोहे, लाह्या आणि बिनमिठाचे दाणे वेगळे ठेवावेत. दात नसलेल्यांना फुटाणे आणि चिक्की कामाची नाही. सातूचे पीठ, मऊ भात-मेतकूट आणि दूध पावडर त्यांच्यासाठी आहेत.

एकेकट्याने नव्हे, मजल्यामजल्याने

मुले परगावी किंवा परदेशी असलेली वृद्ध जोडपी आपल्या समाजात बरीच आहेत. पंधरा किलो धान्य माळ्यावर चढवणे, पाण्याचे कॅन उचलणे, जुने डबे पुढे काढणे त्यांना जमत नाही. प्रत्येक इमारतीतील दोन-तीन कुटुंबांनी मिळून अशा एका घराची बेगमी पाहिली, तर ते काम वर्षातून चार वेळा तासाभराचे आहे. इमारतीतील कोणाकडे जादा सिलिंडर आहे, कोणाकडे मोठी पातेली आहेत, कोण औषधे घेतो, कोणाकडे तान्हे मूल आहे, याची हाताने लिहिलेली यादी जिन्याजवळच्या घरात असावी. वीज नसताना मोबाइलमधली यादी उघडेलच असे नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

घरात काम करणाऱ्या मावशी, चौकीदार, खोली करून राहणारी मुले यांनाही मोजणीत धरावे. आपल्या साठ्यात एका माणसाचे जादा धान्य म्हणजे चौदा दिवसांना साडेतीन किलो. तेवढे प्रत्येक घरात बसते.

वर्षाचे वेळापत्रक

• गुढीपाडवा : मागचे काय उरले ते तपासावे, डबे रिकामे करून उन्हात वाळवावेत.
• अक्षय्य तृतीयेपर्यंत : धान्य-डाळींना उन्हे दाखवून भरावे, लोणची-चटण्या कराव्यात.
• मृग नक्षत्र : पाण्याचे कॅन, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, औषधे आणि विजेरीच्या बॅटऱ्या पाहाव्यात. संपाचे झाकण घट्ट बसते का, ते बघावे.
• आषाढी एकादशी : बेगमी पूर्ण झालेली असावी. पीठ, रवा, पोहे आणि दाणे नव्याने भरावेत.
• गणेश चतुर्थी : सणाच्या घाईत साठ्यातून काढलेले सामान भरून ठेवावे. शहरातील मोठे पाऊस ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झालेले आहेत, म्हणून भाद्रपद-आश्विनात साठा कमी होऊ देऊ नये.
• दसरा-दिवाळी : उरलेले दाणे, पोहे, रवा, गूळ फराळात वापरून संपवावे आणि पुढच्या वर्षाची यादी लिहावी.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी या आठवड्यात फक्त तीन गोष्टी कराव्यात : पहिल्या पायरीचा एक डबा भरावा, पिण्याच्या पाण्याचा एक जादा कॅन घ्यावा आणि औषधे पंधरा दिवस पुढे नेऊन ठेवावीत. बाकीची यादी पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या किराण्याबरोबर पूर्ण करता येते.